बाईंनी नाव घ्यायला लावलं

दरड खाली आली तेव्हा विहिरीत तीन माणसं होती आणि काठावर त्यांच्या तीन बायका. मुरमाचा लाल धुरळा वर आला. तो बसायच्या आधीच तिघी एकदम ओरडायला लागल्या, "अहो! अहो, ऐकताय का? अहो!"

खालून कुठून तरी "ओ" आली. कुणाची ते कळेना. तिघींनी पुन्हा "अहो" केलं, पुन्हा एक "ओ" आली. तिघींनाही वाटलं ती आपल्याच नवऱ्याची.

विहीर आमची होती, म्हणजे माझ्या वडिलांची. अजून बांधलेली नव्हती, नुसता खड्डा होता, पण दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीएवढा, खोल गेला होता. एका अंगाला वड, समोरच्या अंगाला रस्ता. खोदणारी माणसं बीडकडची. मुकादम त्यांना घेऊन थोड्याच दिवसांपूर्वी आला होता. त्यांची नावं त्या एकट्या मुकादमाला ठाऊक, आणि तो माझ्या वडिलांबरोबर चाकणला सुरुंगाची दारू आणायला गेलेला. आम्ही त्यांना 'विहिरीवरची माणसं' म्हणत होतो. नाव विचारायची गरज कुणाला पडली नव्हती.

आजोबा धावत आले. शेजारचे चार-सहा गडी आले. आजोबा त्या बायकांना म्हणाले, "नावं काय गं त्यांची? एकेकाला हाक मारू द्या, म्हंजे कोण कुठं हाय ते कळंल."

तिघींनी पदर तोंडाला लावले.

नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि आमच्या बायकांनाही ठाऊक होतं. माझी आजी तिथंच उभी होती. तीसुद्धा म्हणाली, "आसल्या वक्ताला कशाला नाव घ्यायला लावता?" गडी अंदाजानं खाली उतरले आणि वडाच्या अंगाला आवाज आला असं वाटून तिथला मुरूम उपसून खड्ड्यातच रस्त्याच्या अंगाला टाकायला लागले. थोडा वेळ गेला आणि वरची आणखी एक कड सुटून त्यांच्या पायाशी आली.

"थांबा! थांबा रं!" आजोबा ओरडले.

तेवढ्यात शाळेकडून अनसूयाबाई आल्या. त्यांच्या मागं आम्ही सगळी शाळा. बाईंच्या हातात खडू तसाच होता.

आधी बाई कोण होत्या ते सांगते.

इंद्रायणी ओलांडून चाकणकडे निघालं की उजव्या हाताला आमचं गाव. ही गोष्ट माझ्या लहानपणची, देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. पिंपरीला कारखाना उभा राहतोय असं नुसतं ऐकू यायचं. आमच्याकडे कांदा, ज्वारी आणि म्हशी. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची, चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर चाकण गाठायचं, आणि मुलीला कुणी पाठवत नसे. मलाही पाठवलं नाही. म्हणजे मला जे लिहिता-वाचता येतं ते सगळं त्या ओसरीवरचं, आणि त्यातलं बरंचसं अनसूयाबाईंचं.

मी तिसरीत असताना त्या आल्या. तोंडावर देवीचे वण, गोल पातळ, पायात टायरच्या चपला. आमच्या पडवीतली खोली त्यांनी भाड्यानं घेतली. नवऱ्यानं टाकलेली बाई आहे अशी बातमी त्यांच्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली होती. माझ्या आजीनं पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, "तुमाला मालकांनी टाकलं म्हनं?"

"टाकायला मी काय उष्टं खरकटं आहे?" बाई म्हणाल्या. "मी ट्रंक उचलली आणि चालत निघाले. ट्रंक जड होती, ती तेवढी त्यांनी दारापर्यंत आणून दिली."

आजीला हे उत्तर आवडलं नाही. पण त्या दिवसापासून ती त्यांना ताक पाठवायला लागली.

बाईंची एक सवय होती. कुणीही बोलत असलं की त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. अक्षरं मोजायच्या. आम्हाला वाटायचं त्या जप करतात. आमच्या शेजारची पारूबाई जावेशी भांडायला उभी राहिली की सगळी आळी ऐकायला जमायची. बाईही तांदूळ निवडत पडवीत बसायच्या, आणि अंगठा चालू. एकदा भांडण संपल्यावर त्यांनी पारूबाईला हाक मारून सांगितलं, "पारूबाई, तुमच्या पहिल्या दोन शिव्या फार चांगल्या बसल्या. एकाच अक्षरानं सुरू होत होत्या. त्याला अनुप्रास म्हणतात. तिसरी मात्र लांबली."

पारूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तुमी सांगा, कशी द्यायची व्हती?"

बाईंनी सांगितली. ती मी इथं लिहीत नाही. जाऊसुद्धा हसली आणि त्या दिवशीचं भांडण तिथंच मोडलं.

ओवी, अभंग, अलंकार हे काही आमच्या पुस्तकात नव्हतं. कविता होत्या, त्या पाठ करायच्या, एवढंच. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. घर बघायचं तर नुसता रंग बघू नका, खांब कुठं आहेत ते बघा, असं त्या म्हणायच्या. अभंग शिकवताना त्यांनी आम्हाला ओसरीवरून उठवून देवळाच्या पडवीखाली नेलं. खडूनं जमिनीवर चार रेघा मारल्या, तीन सारख्या आणि चौथी आखूड. "सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं, आणि शेवटी चार. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा शेवट जुळला पाहिजे. चौथा आखूड का?" बाईंनी वर बोट केलं. "पडवीचे बाहेरच्या बाजूचे खांब आखूड का केले आहेत?"

"पानी जायाला," मी म्हटलं.

"हं. तसाच आवाज तिथून खाली उतरतो. सगळे खांब सारखे केलेत तर पाणी साचेल."

नंतर त्यांनी आम्हाला स्वतःचा अभंग करायला सांगितला. विषय म्हैस. मी केला. आता फक्त एक ओळ आठवते, आणि ती वाईट आहे.

मला बाई फार आवडायच्या असं नाही. त्या मायेनं बोलत नसत. चूक झाली तर पाटी पुसून परत हातात द्यायच्या, का ते सांगायच्या नाहीत, शोधायला लावायच्या. यमकाच्या बाबतीत तर दया नव्हती. 'गेला'ला 'आला' जुळवलं की म्हणायच्या, "हे काय? ह्याला कष्ट कुठं पडले? दोन क्रियापदं शेजारी बसवलीस, झालं. नाव आण, वस्तू आण." आमची गंगू, कुंभाराची, एकदा रडली. बाई म्हणाल्या, "रड, पण रडताना शोध."

उपमेचा दिवस मला चांगला आठवतो. त्यांनी विचारलं, सुंदर तोंडाला कशाची उपमा द्याल? सगळे एका सुरात म्हणालो, चंद्राची.

"चंद्र तुम्ही बघितलाय?"

"व्हय, बाई."

"त्याच्यावर डाग आहेत का?"

"हायेत."

"माझ्या तोंडावर आहेत का?"

आम्ही खाली बघायला लागलो.

"वर बघा. आहेत. मग माझं तोंड चंद्रासारखं म्हणा की. म्हणायला जीभ उचलत नाही ना? म्हणजे तुम्ही चंद्र बघून बोलत नाही, ऐकलेलं बोलता. उद्या येताना प्रत्येकानं सकाळी स्वतः बघितलेल्या एका वस्तूची उपमा आणायची. चंद्र, कमळ, हरिण आणलं तर बाहेर उभं करीन."

दुसऱ्या दिवशी कुणी काय काय आणलं! आजीचे पाय पावसात भिजलेल्या भाकरीसारखे. बापाचा राग दुधासारखा, उतू जातो आणि मग खाली बसतो. गंगू म्हणाली, "बाई, तुमचा आवाज कच्च्या मडक्यासारखा हाय." बाईंनी विचारलं, "म्हणजे कसा?" गंगू म्हणाली, "वाजवलं तर बद्द वाजतं, पन त्यात अजून पानी भरलं न्हाई कुनी." बाईंचा अंगठा पेरांवरून फिरला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. बस."

तपासणीचे साहेब वर्षातून एकदा यायचे. त्या वर्षी आले तेव्हा फळ्यावर 'अतिशयोक्ती' लिहिलेलं होतं. साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, हे चौथीच्या अभ्यासक्रमात नाही."

"मुलांच्या बोलण्यात आहे," बाई म्हणाल्या. "मी फक्त त्याचं नाव सांगते."

"असं? मग सांगा बरं कुणी तरी, अतिशयोक्तीचं उदाहरण."

गंगू उठली. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तुमाला पक्की शाळा बांधून देतो, आसं सायेब मागल्या वर्षी म्हनले व्हते."

साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "गंगू, खाली बस. चुकलं. ते आश्वासन. अतिशयोक्तीत थोडं तरी खरं असावं लागतं."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक. पक्की शाळा मात्र पुढं बऱ्याच वर्षांनी झाली, तेव्हा बाई तिथं नव्हत्या.

आता हळदीकुंकवाचं सांगते, कारण त्याचा विहिरीशी संबंध आहे. आमच्याकडे आईनं हळदीकुंकू केलं. बाई खोलीतच बसल्या होत्या. नवरा असून नसलेल्या बाईला बोलवावं की नाही यावर बायकांची कुजबुज चालली होती. आजीनं जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. लगेच पारूबाई म्हणाली, "बाई, तुमी तर कविता शिकिवता. नाव घ्या की मालकांचं." मुद्दाम टाकलेला खडा होता तो.

बाईंनी कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि म्हणाल्या,

"जुन्नरच्या पेठेत भांड्यांचं दुकान,
दत्तात्रयराव तिथं सुखात, अन् इथं मी छान."

हसावं की नाही ते बायकांना कळेना. माझी आजीच आधी हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी नाव घेणं हाच धडा घेतला. मुलगे कुरकुरले, हे बायकांचं असतं म्हणाले. बाई म्हणाल्या, "दोन ओळींची कविता आहे ही, आणि तुमच्या आयांनी, आज्यांनी केलेली आहे. पहिली ओळ कशाचीही असते. ताट, पाट, वाट, काहीही. दुसऱ्या ओळीत माणूस येतो. पहिली ओळ म्हणजे आडोसा. उघड्यावर नाव घ्यायची भीती वाटते म्हणून बायका आधी आडोसा करतात आणि त्याच्या मागून नाव घेतात. यमक हा त्या आडोशाचा दरवाजा. तो नीट बसला की आतलं कुणाला बोचत नाही."

एवढं मला त्या वेळी कळलं नव्हतं. विहिरीवर कळलं.

तर बाई आल्या, काठावर उभ्या राहिल्या आणि काही न बोलता ऐकत राहिल्या. तिघींची ओरड चालूच होती. बाईंनी आजोबांना विचारलं, "नावं?"

"सांगत न्हाईत. कशा सांगतील?"

बाई त्या तिघींपाशी गेल्या. सर्वांत मोठी होती ती गिरजा, तिच्या कडेवर तान्हं पोर होतं. दुसरी रखमा. तिसरी शेवंता, हातातला हिरवा चुडा अजून नवा असलेली पोरगी. बायकांची नावं आम्हाला ठाऊक होती, त्या पाण्याला यायच्या ना.

"गिरजाबाई, तुम्ही 'अहो' म्हणता, ही पण 'अहो' म्हणते, ती पण 'अहो' म्हणते. खालच्याला काय कळणार कोण कुणाला बोलावतंय? एकच माणूस तिघींना ओ देत असेल, आणि बाकीच्या दोघांकडे कुणी बघणार नाही. नाव घ्या."

गिरजा पदराआडून म्हणाली, "कसं घेऊ माय? आधीच ते तिथं... आन् मी नाव घेऊन आयुक्ष तोडू?"

मला वाटलं बाई आता चिडणार. अंधश्रद्धा, अडाणीपणा असं काही बोलणार. तसं त्या शाळेत बोलायच्या. पण त्यांनी खडू पातळाच्या ओच्यात टाकला आणि विचारलं, "लग्नात घेतलं होतं का?"

"घेतलं व्हतं."

"तेव्हा आयुष्य कमी झालं?"

"तवा... तवा उखाण्यात घेतलं व्हतं."

"मग आत्ता उखाण्यात घ्या."

आजी मागून म्हणाली, "अहो बाई, लगीन हाय का हितं?"

"मला आठवत न्हाई वो," गिरजा म्हणाली. "काईच आठवत न्हाई."

"आठवू नका. पहिली ओळ मी देते, दुसरी तुम्ही द्या. त्यात नाव आलं पाहिजे, आणि जोरात." मग बाई सगळ्यांकडे वळल्या. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "एक बाई बोलेल. तिचं झालं की कुणी हलायचं नाही. खालच्यांनी फावडी टाकायची. गंगू, ते पोर घे आणि गप्प कर. श्वाससुद्धा ऐकू आला नाही पाहिजे."

सगळे थांबले. आजोबासुद्धा.

बाईंनी वाकून विहिरीत तोंड करून ओळ टाकली.

"विहिरीच्या काठाला बांधला दोर,"

गिरजाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. बाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली. मग गिरजा एकदम ओरडली,

"धोंडिबाराव, वर या, ल्हानं हाय पोर!"

कुणी हललं नाही. आणि वडाच्या अंगाला, अगदी कोपऱ्यातून, आवाज आला, "हाय... मी हाय... पाय गुतलाय."

गडी पुढं झाले. बाईंनी हात वर केला. "थांबा. अजून दोघं आहेत. रखमाबाई."

रखमा आधीच पुढं आली होती. तिला ओढून आणावं लागलं नाही. बाईंनी ओळ दिली,

"टोपलीवर टोपली, मुरमाची रास,"

रखमानं पदर बाजूला केला. स्वच्छ, न थांबता म्हणाली,

"सखारामराव, ओ द्या, लागलीया आस."

बराच वेळ काही आलं नाही. मग खूप खालून, कुणी झोपेत बोलावं तशी, एक "ओ" आली. तीसुद्धा वडाच्याच अंगाला, धोंडिबाच्याही पलीकडून.

राहिली शेवंता. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओळ दिली. मला ती आठवते,

"उन्हाच्या तिरपेला चकाकलं पाणी,"

शेवंताच्या तोंडून काही येईना. बाईंनी दुसरी ओळ दिली. तिसरी दिली. शेवटी म्हणाल्या, "पोरी, यमक जुळलं नाही तरी चालेल. नाही जुळलं तरी चालेल." यमकासाठी गंगूला रडवणाऱ्या बाई हे म्हणाल्या, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

शेवंतानं विहिरीकडे तोंड केलं आणि नुसतं ओरडली, "भिवाऽऽ!"

ओळ नाही, राव नाही, काही नाही. नुसतं नाव, शेताच्या बांधावरून कुणी हाक मारावी तसं. आमच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. आजी "आगं बया" म्हणाली तेवढीच.

आणि मग ऐकू आलं. आवाज नव्हता, ठोका होता. टक. टक. कुदळीचा दांडा दगडावर आपटावा तसा. वडाच्या अंगाला नाही, अगदी उलट्या बाजूला, रस्त्याच्या अंगाला. गडी उपसलेला मुरूम तिथंच तर टाकत होते, त्याच्या खालून.

आजोबा काठावरून वाकले. "आरं द्येवा," म्हणाले, "आपुन त्याच्यावरच ढीग घालतोय."

त्यानंतरचं काम पुरुषांनी केलं, त्यात बाईंचं काही नव्हतं. त्या काठावर उभ्या होत्या आणि प्रत्येकीकडून थोड्या थोड्या वेळानं नाव घेववत होत्या, म्हणजे खालची माणसं जागी राहतील. आता ओळी लागत नव्हत्या. तिघीही नुसती नावं घेत होत्या, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. एकदा तोंड उघडल्यावर भीती कुठं गेली ते त्यांनाही कळलं नसेल.

भिवाला आधी काढलं. तोंडात, नाकात माती, डोळे मिटलेले, पण छाती हलत होती. मग धोंडिबा. त्याच्या पायाकडे मी बघितलं नाही. सखारामापर्यंत पोचले तेव्हा तो गेलेला होता. वडील आणि मुकादम तोवर चाकणहून आले होते. उरलेल्या दोघांना बैलगाडीत घालून चाकणला आणि तिथून ट्रकनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं. गिरजा आणि शेवंता बरोबर गेल्या. ते दोघं वाचतील असं कुणीच म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गावात बोलणं सुरू झालं. मास्तरणीनं नाव घ्यायला लावलं म्हणून सखाराम गेला. पारूबाई हे रखमाच्या समोर बोलली. रखमा मुकादमाची वाट बघत आमच्याच दारात बसली होती. ती म्हणाली, "नाव नसतं घेतलं तर ते गेलेच आसते, माय, आन् मला ओ न देता गेले आसते. त्यांनी मला ओ दिली." बाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन रखमासाठी भाकरी टाकली.

पुरुषांचं बोलणं निराळं होतं. संध्याकाळी आमच्या अंगणात वडील चारचौघांत म्हणाले, "नवी हीर बळी घेतीच. आमच्या हिरीनं घेतला, काय करनार?" सगळ्यांनी माना हलवल्या. तसं सोयीचंच होतं ते.

बाई पडवीत होत्या. म्हणाल्या, "किसनराव, विहिरीला तोंड नसतं. ती बळी कशानं घेईल?"

वडिलांनी मान वळवली.

"निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं बोलायचं, त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात. तो एक अलंकार आहे. मी तुमच्याच मुलीला शिकवला. ओढा हसला, वारा रुसला, तिथं तो शोभतो. इथं नाही शोभत. इथं दरडीला आधाराची लाकडं लावलेली नव्हती. मुकादमानं मागितली होती आणि तुम्ही 'बघू' म्हणालात. ह्या पडवीत बसून ऐकलंय मी."

वडील म्हणाले, "बाई, तुमी शाळंत शिकवा. हितं नको."

"बरं," बाई म्हणाल्या. "खोली उद्या रिकामी करते."

आणि केली. देवळामागं गुरवाची एक खोली होती, तिथं गेल्या. आजीनं ताक पाठवणं बंद केलं नाही, ते तेवढ्या लांब मलाच न्यावं लागायचं. वडिलांशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पण पावसाळ्यानंतर विहिरीचं काम परत धरलं तेव्हा वडिलांनी गोठ्याचे वासे उपसून आधी दरडींना लावले. का लावले ते ते कधी बोलले नाहीत. त्या विहिरीत पुढं कुणाला काही झालं नाही. आता ती बुजवली आहे. तिथं कंपनीचे ट्रक उभे राहतात.

हे मी आज लिहिते आहे ते पिंपळे सौदागरमधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून. नातीची मुलगी आतल्या खोलीत अलंकार पाठ करते. व्याख्या, लक्षण, उदाहरण. पाठ छान होतं तिचं. मी तिला विचारलं, चेतनगुणोक्ती कुठं वापरायची नाही? ती म्हणाली, असा प्रश्न परीक्षेत येत नाही, पणजी. बरोबर आहे तिचं. आमच्या बाईंनी मला तेवढं मात्र शिकवलं, आणि त्याचा मला जन्मभर उपयोग झाला. घरात कुणी 'नशिबानं मारलं', 'वेळेनं घात केला' म्हणालं की मी विचारते, लाकडं लावली होती का? त्यामुळं मी घरात फार लाडकी नाही.

विहिरीचं काम परत धरायच्या आधीच, त्याच उन्हाळ्यात, माझी चौथी संपली आणि बाईंची बदली झाली. कुठं ते मला कळलं नाही. त्या निघाल्या तेव्हा मी चाकणच्या रस्त्याला आजीबरोबर गवताचे भारे घेऊन उभी होते. एसटी आली नाही. कांद्याचा एक ट्रक थांबला. बाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "पाय घ्या, ट्रंक ठेवायची आहे." ट्रंक ठेवून वर चढल्या, कांद्याची सालं पातळाला चिकटली ती झटकली. मग मला बघून खिडकीतून वाकल्या.

"मुकादम हत्यारं न्यायला आला होता ना तुमच्याकडे? दवाखान्यातल्या त्या दोघांचं काय कळलं?"

मुकादम आदल्याच दिवशी येऊन गेला होता, म्हणून मला सांगता आलं. ट्रक चालू झाला होता, मला ओरडावं लागलं. धोंडिबाचा पाय गुडघ्यातून काढला, पण धोंडिबा जगला. भिवाही जगला.